तेल काढलं तं ठेवशीन कुठं?

१९२९ च्या जुलैमध्ये अखिल भारतीय चरखा संघाने एक स्पर्धा जाहीर केली. बक्षीस होतं एक लाख रुपये, तेही त्या काळातले. हवा होता सुधारलेला चरखा. या स्पर्धेच्या अटी मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा एखादं नीट लिहिलेलं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचतोय असंच वाटलं. यंत्र हलकं हवं, सहज उचलून नेता यायला हवं. खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालायला हवं. बाईने त्यावर आठ तास काम केलं तरी ती फार दमता कामा नये. आठ तासांत १६,००० फूट सूत निघायला हवं. भारतात बनवून किंमत दीडशे रुपयांच्या आत बसायला हवी.

त्यापुढची अट मी दोनदा वाचली. वेळेवर देखभाल केली तर यंत्र किमान २० वर्षं चाललं पाहिजे, आणि वर्षाला त्यावर होणारा दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांपुढे जाता कामा नये.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे मेंटेनन्सचा विचार प्रॉडक्ट लोकांच्या हातात गेल्यावर, कोणीतरी तक्रार केल्यावर सुरू होतो. यंत्र अजून जन्मालाही आलेलं नसताना त्याच्या विसाव्या वर्षाची काळजी करणारा कागद मी तरी दुसरा पाहिलेला नाही. ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण यंत्र कोण उघडणार, कोण दुरुस्त करणार, आणि त्यातून जे उरेल त्याचं काय करायचं, हे प्रश्न पुढे आमच्या वर्धा जिल्ह्यात मुक्कामालाच आले. १४ डिसेंबर १९३४ ला वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि बंगला त्यासाठी दिला. मगनलाल गांधींच्या आठवणीने त्या जागेला मगनवाडी नाव पडलं. कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, हिशेबतपासनीसाचा पेशा सोडून आलेले जे. सी. कुमारप्पा तिथे संघाचं काम बघू लागले. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम झालं.

आज हे सगळं आठवायचं कारण एक फुटकळ वस्तू आहे: गाडीतलं जुनं ऑईल ओढून काढायचा हातपंप.

वस्तू काय आहे

ऑनलाइन दुकानात तिला ‘मॅन्युअल फ्लुइड एक्स्ट्रॅक्टर’ म्हणतात. चार-सहा लिटरचा प्लास्टिकचा डबा, वर सायकलच्या पंपासारखा दांडा, आणि एक लांब बारीक नळी. कारच्या इंजिनात ऑईलची पातळी बघायला जी पट्टी असते ती काढायची, तिच्या जागी नळी तळापर्यंत सोडायची, दहा-पंधरा वेळा दांडा ओढायचा आणि थांबायचं. डब्यातली हवा कमी झालेली असते. इंजिनातलं काळं ऑईल आपोआप नळीतून वर चढू लागतं. गाडीखाली झोपायला नको, जॅक नको, खड्डा नको.

२०२१ मध्ये मी वर्क फ्रॉम होम करत सेलूला घरी होतो, तेव्हा बाबांच्या जुन्या हॅचबॅकसाठी हा पंप मागवला. ऑईल गरम असलं की पातळ होतं, म्हणून गाडी पाच मिनिटं चालवून आणली, इंजिन बंद केलं आणि नळी सोडली. समोरच्या गॅरेजमधले मिस्त्री चहा घेऊन बघायला आले. त्यांना वस्तू आवडली. दांडा त्यांनी स्वतः ओढून पाहिला. डबा भरत आला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“काढलं तं काढलं भाऊ, आता हे ठेवशीन कुठं?”

या प्रश्नाकडे मी येणारच आहे. पण आधी हा पंप आला कुठून ते बघू.

पू ओढणारी नळी

इसवीसनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हेरॉन नावाचा माणूस होता. हवा आणि पाणी यांवर चालणाऱ्या उपकरणांचं त्याने एक पुस्तक लिहिलं. त्यात एका साधनाचं वर्णन आहे: नळी, तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या, पुढे बारीक तोंड. त्याचं ग्रीक नाव होतं ‘प्युल्कोस’, म्हणजे पू ओढणारं. जखमेतला पू काढायचं हे वैद्याचं हत्यार. आपल्या एक्स्ट्रॅक्टरचा थेट पूर्वज हाच. कामही तेच आहे. आत साचलेली घाण, फार चिरफाड न करता, वरूनच ओढून घ्यायची.

ती वर का चढते हे मात्र माणसाला पुढची दीड हजार वर्षं नीट माहीत नव्हतं. निसर्गाला पोकळी आवडत नाही, म्हणून पाणी धावत येऊन ती भरतं, असं उत्तर चालायचं. अडचण विहिरी आणि खाणी खोदणाऱ्यांनी दाखवली. ओढून पाणी काढणारा पंप सुमारे दहा मीटरच्या वर पाणी आणतच नाही, कितीही जोर लावा. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात हे नोंदवलं. त्याला उत्तर सापडलं नाही. १६४३-४४ मध्ये तॉरिचेल्लीने पाण्याऐवजी पारा घेतला. पाऱ्याचा स्तंभ सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला आणि कोडं सुटलं. पंप काही ओढतच नाही. तो फक्त वरची हवा बाजूला करतो. वर ढकलते ती बाहेरची हवा, तिच्या स्वतःच्या वजनाने.

कारच्या इंजिनात ऑईलला जेमतेम मीटरभर चढायचं असतं. त्यामुळे दहा मीटरची मर्यादा इथे आड येत नाही. आड येते ती नळीची जाडी. हा नियम १८४० च्या आसपास प्वाझई या फ्रेंच वैद्याने मांडला, आणि त्याच्या डोक्यात होता बारीक नसांमधून वाहणारा रक्तप्रवाह. नळीची त्रिज्या अर्धी केली की प्रवाह अर्धा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. द्रव जितका दाट तितका तो संथ. म्हणूनच थंड इंजिनातलं ऑईल काढायला अर्धा तास लागतो आणि कोमट इंजिनातलं काही मिनिटांत येतं. पू काढायचं हत्यार वैद्यांचं आणि नळीतल्या प्रवाहाचा नियमही वैद्याचाच. गाडीची सर्व्हिसिंग ही डॉक्टरकीची चुलतबहीण आहे असं मी मित्रांना सांगतो, ते याच जोरावर.

जालना, सोलापूर आणि बंद पडलेले पंप

दांडा वरखाली करून द्रव वर आणायची आपल्या आईवडिलांच्या पिढीची आठवण म्हणजे गावातला हातपंप, आमच्याकडची बोअरिंग. त्याचाही इतिहास महाराष्ट्रातून जातो, आणि तो मला वर्ध्याच्या प्रश्नाशी जोडलेला वाटतो.

१९६० च्या दशकात दुष्काळी भागांत खडकात बोअर मारायला सुरुवात झाली. त्यांवर बसवलेले बिडाचे पंप युरोप-अमेरिकेतल्या पंपांची नक्कल होते. तिथे असा पंप एका घराच्या परसात असायचा. इथे त्यावर अख्खं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत पाणी भरायचं. पंप भराभर मोडू लागले. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी त्यावर पोलादी पंप घडवला, तो जालना पंप. सोलापुरात त्यात आणखी सुधारणा झाली, तो सोलापूर पंप. त्याच्यावरून युनिसेफच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ आला, आणि तो देशभर, मग आफ्रिकेतही पोचला.

मार्क टू दणकट होता, पण एक गोष्ट राहिली होती. खोल बोअरमध्ये पाणी दहा मीटरच्या खाली असतं, म्हणून त्याचा दट्ट्या खाली, पाण्यात बसवलेला असतो. त्याचा वॉशर झिजला की सगळे पाइप वर काढावे लागायचे. त्यासाठी अवजड हत्यारं, गाडी आणि तालुक्याचं पथक लागायचं. दहा-वीस रुपयांच्या वॉशरसाठी गाव आठवडे थांबायचं. १९८० च्या दशकात ‘मार्क थ्री’ आला तेव्हा वरचा पाइप मुद्दाम रुंद केला. आता दट्ट्या पाइपातूनच बाहेर ओढता येतो, पाइप जागेवर राहतात. गावातली दोन-तीन माणसं थोड्या पान्यांवर काम उरकू शकतात. ‘गावपातळीवर चालवणं आणि दुरुस्त करणं’ हे तत्त्वच त्या दशकात पंपांच्या अभियंत्यांनी मांडलं होतं.

१९२९ च्या चरखा स्पर्धेतली पाच टक्क्यांची अट आणि मार्क थ्रीचा रुंद पाइप या दोन्हींमागे मला एकच विचार दिसतो. यंत्राची ताकद मोजताना ते बंद पडल्यावर कोणाला बोलवावं लागतं हेही मोजायचं. त्या मापाने बघितलं तर एक्स्ट्रॅक्टर पास होतो. तो गाडीचं एक काम मालकाच्या हातात आणतो.

वंगणाची गोष्ट

आता तेलाकडे वळू. आमच्या भागात बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडीच्या आसाला जे लावायचं त्याला वंगण, आणि जुन्या काळी ते मुख्यतः एरंडेल तेलाचं असायचं. हे तेल चिकट असतं, उष्णतेतही टिकून राहतं. मोटारींच्या आणि विमानांच्या सुरुवातीच्या काळात इंजिनांनाही तेच मानवलं. ‘कॅस्ट्रॉल’ हा १९०९ मधला ब्रँड, आणि ते नाव ‘कॅस्टर ऑईल’, म्हणजे आपल्या एरंडेलावरूनच पडलेलं आहे. पुढे जमिनीखालच्या खनिज तेलाने एरंडेलाला बाजूला सारलं.

मगनवाडीत त्याच काळात उलट दिशेने काम चालू होतं. बैलाने फिरणारी तेलाची घाणी सुधारण्यासाठी तिथे प्रयोग झाले. ती सुधारित घाणी ‘वर्धा घाणी’ म्हणूनच ओळखली जाते. रॉकेलऐवजी गोडेतेलावर जळणारा ‘मगनदीप’ नावाचा कंदील बनवला गेला. रॉकेल जमिनीतून एकदाच निघतं आणि दूरच्या कंपनीकडून येतं, तीळ-भुईमूग दरवर्षी शेतात येतात, हा कुमारप्पांचा साधा हिशेब. निसर्गाच्या साठ्यातून उचलायचं की त्याच्या वाहत्या प्रवाहातून घ्यायचं, हा फरक त्यांच्या विचाराचा गाभा होता. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. खेड्यातल्या हत्यारांना संग्रहालयात जागा देण्याचं हे काम होतं. आजही वर्ध्याला आलात तर ते बघता येतं.

गंमत म्हणजे याच वर्ध्याच्या बजाज घराण्यातून पुढे देशाची स्कूटर आली. बजाज ऑटोची मूळ कंपनी १९४५ मधली, तिचं नाव ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’. बच्छराज म्हणजे जमनालालजींना दत्तक घेणाऱ्या घरातले वर्ध्याचे शेठ. १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. चेतक, राजदूत, लुना या टू-स्ट्रोक गाड्या होत्या. त्यांचं इंजिन ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि ते पेट्रोलबरोबर जळून सायलेन्सरमधून निळ्या धुराच्या रूपात बाहेर पडायचं. काढायला उरायचं फक्त थोडं गिअर ऑईल. मग १९८५ मध्ये हिरो होंडाची ‘सीडी १००’ आली. ही फोर-स्ट्रोक होती, आणि पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा, अशी तिची जाहिरात. २००० च्या प्रदूषण नियमांनंतर टू-स्ट्रोक मागे पडत गेल्या आणि रस्त्यावरचा निळा धूर कमी झाला.

धूर गेला, पण तेल कुठे गेलं? फोर-स्ट्रोकमध्ये ते इंजिनाच्या तळाशी राहतं आणि हळूहळू काळं होतं. शंभर-दीडशे सीसीच्या गाडीत साधारण एक लिटर, छोट्या कारमध्ये तीन ते चार लिटर. काही हजार किलोमीटरनंतर ते काढावंच लागतं. जी घाण आपण हवेत सोडत होतो ती आता डब्यात मोजून हातात येते. मिस्त्रींचा प्रश्न इथून सुरू होतो.

ठेवायचं कुठं

जळकं ऑईल आपल्याकडे वाया जातं असं कोणालाच वाटत नाही. सेंट्रिंगच्या पाट्यांना ते फासतात. वाळवी लागू नये म्हणून दारांना, कुंपणाच्या खांबांना लावतात. बंडीच्या आसालाही चालतं. या सगळ्यामागे काटकसर आहे आणि ती मला समजते. पण वापरलेल्या ऑईलमध्ये नुसतं तेल नसतं. झिजलेल्या धातूचे कण, काजळी, अर्धवट जळालेलं इंधन आणि कंपनीने मिसळलेली रसायनं असतात. पहिल्या पावसात यातलं बरंच जमिनीत उतरतं. उन्हाळ्यात आमच्या काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यांतून ते खोलवर जायला वाट मोकळीच असते. वर्धा शहराला पाणी धाम नदीतून मिळतं. तिच्याच काठावर पवनारला विनोबांचा आश्रम आहे. एक लिटर जळकं ऑईल दहा लाख लिटर पाणी बिघडवू शकतं, असं अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं नेहमी सांगितलं जाणारं मोजमाप आहे.

सेवाग्रामच्या माणसांनी घाणीचा प्रश्न फार गंभीरपणे घेतला होता. शेण, पालापाचोळा, अगदी मैलासुद्धा खड्ड्यात कुजवून त्याचं खत करायचं. त्याला त्यांनी ‘सोनखत’ हा सुंदर शब्द वापरला. पण ती सगळी व्यवस्था एका गृहीतावर उभी होती: जे मातीतून आलं ते माती परत घेईल. जळकं ऑईल ती परत घेत नाही. त्याचं सोनखत अंगणात होत नाही, फक्त कारखान्यात होतं. ते गाळून, तापवून, शुद्ध करून त्यातून पुन्हा वंगणाचं मूळ तेल काढता येतं, आणि देशात त्यासाठी नोंदणी केलेले कारखाने आहेत. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलले आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर त्यातला ठरावीक हिस्सा पुनर्शुद्धीकरणाला पोचवायची जबाबदारी टाकली.

हा नियम कागदावर चांगला आहे. पण सेलूतल्या माझ्या डब्यापासून त्या कारखान्यापर्यंतची साखळी गॅरेजमधूनच जाते. गॅरेजवाल्याकडे दोनशे लिटरचा ड्रम असतो, तो भरला की घेणारा येतो. चार लिटरच्या एकट्या डब्यासाठी कोणीही येत नाही. घरी ऑईल बदलणारा माणूस या साखळीच्या बाहेर पडतो आणि त्याचं ऑईल नालीत किंवा मागच्या अंगणात जाण्याची शक्यता वाढते. आपल्या हातात आलेलं काम आणि आपल्या हातात आलेला कचरा एकाच डब्यात असतात, हे पंप विकणारं पान सांगत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी. काढलेलं ऑईल मोजतो. पुस्तकात साडेतीन लिटर लिहिलं असेल आणि तीनच निघालं, तर अर्धा लिटर आतच आहे हे कळतं आणि नवं भरताना जास्त होत नाही. मग ते नव्या ऑईलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरतो, झाकण घट्ट लावतो आणि मिस्त्रींच्या ड्रममध्ये नेऊन ओततो. त्यात पाणी, कूलंट किंवा ब्रेक ऑईल मिसळू देत नाही, कारण भेसळ झालेलं ऑईल शुद्ध करणं अवघड होतं. ब्रेक ऑईलसाठी वेगळी पिचकारी ठेवली आहे. इंजिन ऑईलचा थेंबही ब्रेकमध्ये गेला तर आतली रबरं फुगतात. पेट्रोलसाठी हा पंप वापरत नाही. आणि नळी तोंडात धरून पेट्रोल ओढायची जी सवय आपल्या गावोगावी आहे ती तर सोडाच. घोट फुप्फुसात गेला तर माणूस दवाखान्यातच जातो.

मिस्त्रींचं काय?

कुमारप्पांनी माझ्या पंपाकडे बघून आणखी एक प्रश्न विचारला असता: यामुळे कोणाचं काम गेलं? तो टाळता येत नाही. ऑईल बदलणं हे लहान गॅरेजचं रोजचं, हमखास पैसे देणारं काम. प्रत्येक घरी एक पंप आला तर मिस्त्रींच्या मुलाने ते गॅरेज का चालवावं?

माझं उत्तर अर्धवट आहे. ऑईल पट्टीच्या वाटेने काढलं की तळाचा बोल्ट उघडत नाही. त्या बोल्टवर चिकटलेला धातूचा चुरा बघून इंजिनाची तब्येत ओळखणारी नजर मिस्त्रींकडे आहे, माझ्याकडे नाही. काही गाड्यांमध्ये नळी तळापर्यंत पोचतच नाही आणि गाळ आत राहतो. म्हणून एकदा मी घरी ऑईल काढतो आणि पुढच्या खेपेला गाडी त्यांच्याकडे जाते, तेव्हा तळाचा बोल्ट उघडतो. दोघांनाही गाडी माहीत राहते.

मला खरी धास्ती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. चेतक आता पुन्हा आली आहे, विजेवर चालणारी. तिच्यात इंजिन ऑईल नाही, म्हणजे काळ्या डब्याचा प्रश्न मिटला. पण विजेच्या गाड्यांत माझ्यासारख्या लोकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर असतं, आणि त्यातलं बरंचसं उघडायची परवानगी ना मालकाला असते ना मिस्त्रींना. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं असे चार विषय तिच्यापुढे ठेवले आणि त्याच वर्षी एक पोर्टलही सुरू केलं. ही सुरुवात आहे. पण दुरुस्ती करायला परवानगी असणं आणि ती शक्य असणं यांत मार्क टू आणि मार्क थ्री एवढं अंतर असतं. पाइप रुंद करायचा निर्णय कोणीतरी ड्रॉइंग बोर्डवर बसून घ्यावा लागतो.

माझ्या ऑफिसात कुठल्याही नव्या कामाआधी एक फॉर्म भरतात. त्यात वेग किती हवा, किती लोक एका वेळी वापरणार, खर्च किती, असे रकाने असतात. मी आता त्यात एक ओळ जोडतो: विसाव्या वर्षी हे कोण उघडणार? टीममधले लोक हसतात, कारण आमच्याकडे दोन वर्षांचा कोडसुद्धा म्हातारा समजतात. मी ती ओळ तशीच ठेवतो. आणि सेलूला गेलो की कॅन घेऊन मिस्त्रींच्या ड्रमपाशी जातो. ड्रम कितपत भरला आहे ते ते काडी टाकून मोजतात आणि घेणारा कधी येणार तेही सांगतात.